माजघरातला समुद्रतळ

मुंबईहून चेन्नईकडे जाणारी गाडी सोलापूर, गुलबर्गा मागे टाकते, तेव्हा खिडकीबाहेरचा दगड बदलतो. कल्याणपासून सोबत करणारा काळा कातळ संपतो आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना करड्या, निळसर, पिवळट चपट्या दगडांचे ढीग दिसू लागतात. कुंपणे उभ्या फरश्यांची, गोठ्यांच्या भिंती फरश्यांच्या, काही जुन्या घरांची छपरेसुद्धा फरश्यांचीच. स्टेशनच्या पाटीवर नाव असते शहाबाद. महाराष्ट्रातल्या लाखो माजघरांतून, मोऱ्यांतून, चाळींच्या गॅलऱ्यांतून आणि शाळांच्या व्हरांड्यांतून पायाखाली असलेल्या फरशीचे हे माहेर.

दगड इथेच का बदलतो, या प्रश्नात फरशीची सगळी कुळकथा दडलेली आहे. देश, मराठवाडा आणि सह्याद्री ज्यावर उभे आहेत तो बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्यातून तयार झाला. त्या लाव्ह्याची कड गुलबर्ग्याच्या परिसरात येऊन संपते. तिच्या पलीकडे उघडा पडतो त्याहून कितीतरी म्हातारा चुनखडक. भीमेच्या खोऱ्यातला म्हणून भूवैज्ञानिक त्याला भीमा गटाचा खडक म्हणतात. चोपन्न कोटी वर्षांपूर्वी कवचाचे प्राणी समुद्रात बहरले, त्याच्याही आधी इथे एक उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी चुन्याचा बारीक गाळ थरावर थर बसत गेला. अधूनमधून मातीचा एखादा पातळ पदर पसरला, त्यावर पुन्हा चुना. वरच्या ओझ्याने त्याचा दगड झाला. शिंपले तेव्हा जगातच नव्हते, त्यामुळे या फरशीत शिंपला कितीही शोधला तरी सापडत नाही.

मातीचे ते पातळ पदरच फरशीला फरशी करतात. खडक तिथे कमजोर असतो आणि छिन्नी बरोबर त्या रेषेवर बसली की अख्खा थर सपाट सुटून येतो. बेसाल्टमध्ये अशी सोय नाही. तो फोडला की ढलपे आणि खापे निघतात, पत्रा निघत नाही. त्याची सपाट लादी हवी असेल तर टाकीचे घाव घालत दिवसच्या दिवस घडवावी लागते. म्हणून महाराष्ट्रात काळ्या दगडाची फरसबंदी देवळाच्या प्रांगणात, घाटावर, फार तर श्रीमंत वाड्याच्या चौकात दिसते. सामान्य घराच्या खोलीत ती कधी उतरली नाही. यवतमाळ आणि चंद्रपूरकडे पैनगंगेच्या खोऱ्यात चुनखडक आहे, पण त्याचे नशीब मुख्यतः सिमेंटच्या भट्टीत गेले.

भीमाकाठच्या लोकांना मात्र आपल्या दगडाची किंमत फार आधी कळली होती. सन्नती हे नाव महाराष्ट्रातल्या अनेक घरांत कुलदेवी चंद्रलांबेमुळे घेतले जाते. तिथून जवळच, कनगनहळ्ळीला, १९९०च्या दशकात पुरातत्त्व खात्याने एक मोठा बौद्ध स्तूप उकरून काढला. स्तूपाला लावलेले कोरीव शिलापट याच परिसरातल्या चुनखडकाचे आहेत. त्यांतल्या एका पटावर राजा आणि राणी उभे आहेत आणि ब्राह्मी लिपीत ‘राया असोको’ असे नाव कोरले आहे. सम्राट अशोकाचे नाव लिहिलेली ही प्रतिमा कोरायला शिल्पकाराला जो दगड मिळाला, त्याच्याच कुळातला दगड आज धुणे आपटायला वापरला जातो. इतर काही पटांवर सातवाहन राजे आहेत. काही शतकांनी राष्ट्रकूटांनी राजधानी केली ती मान्यखेटला, म्हणजे आजच्या मळखेडला. कागिणा नदीच्या काठचे हे गावही याच चुनखडकाच्या पट्ट्यात येते.

इतका चांगला दगड असूनही तो शतकानुशतके जागचा हलला नाही, कारण त्याचे वजन. दोन फूट बाय दोन फूट, दीड इंच जाडीची एक फरशी भरते सुमारे ३७ किलो. शंभर चौरस फुटांची एक ब्रास म्हणजे जवळजवळ टनभर ओझे. एका मध्यम खोलीसाठी दोनेक बैलगाड्या लागणार आणि त्याही पुण्यापर्यंत आणायच्या तर कित्येक मुक्काम. कोण आणणार?

हे कोडे सोडवले रेल्वेने. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रूळ १८६०मध्ये सोलापूरला पोचले आणि १८७१मध्ये रायचूरला जाऊन मद्रास रेल्वेला मिळाले. शहाबाद अगदी या वाटेवर. नंतर जवळच्या वाडीहून निजामाच्या राज्यातून हैदराबादकडे दुसरा फाटा गेला आणि त्यावरचे तांडूरही फरशीचे गाव म्हणून पुढे आले. गाडी खाणीच्या दारात उभी राहू लागली आणि टनभर दगड पुण्या-मुंबईला नेणे परवडू लागले. गुलबर्गा जिल्हा १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात होता, मराठवाडाही त्याच राज्यात. त्यामुळे तिकडेही ही फरशी घरच्यासारखी पोचली. पुढे याच चुनखडकावर शहाबादला सिमेंटचा कारखानाही उभा राहिला. मागच्या पिढ्यांतल्या अनेक घरांत फरशी आणि तिच्या सांध्यांत भरलेले सिमेंट एकाच पट्ट्यातून आलेले असू शकते.

दगड आला तेव्हा घरात काय होते? मातीची चोपलेली जमीन आणि शेणाचे सारवण. सारवलेल्या घराबद्दल आज फार हळवे लिहिले जाते. त्या जमिनीचा गारवा आणि वास खरा होता, पण ते सारवण करणारे हातही खरे होते. शेण आणायचे, कालवायचे, वाकून खोलीभर हात फिरवायचा, वाळेपर्यंत घरातल्यांना अडवायचे आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. स्वयंपाकघर तर अधिक वेळा. त्यात उंदीर-घुशींची बिळे आणि पावसाळ्यात ओल. ज्यांना परवडे ते चुन्याचा कोबा करत. घाणीवर मळलेला चुना पसरून धुमसाने दिवसेंदिवस ठोकून केलेली ती जमीन टिकाऊ असे, पण कष्ट आणि खर्च दोन्ही मोठे. शहाबादी फरशीने घरातल्या बाईच्या कमरेवरचा एक भार कायमचा उतरवला. बादलीभर पाणी आणि एक फडके, एवढ्यावर जमीन स्वच्छ होऊ लागली. या फरशीच्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे, आणि ती फारशी कुठे नोंदली गेलेली नाही.

खाणीतले काम मात्र सोपे झाले नाही. वरची माती काढायची, थर उघडा करायचा, नैसर्गिक भेगा हेरायच्या, पहारीने फट वाढवायची आणि छिन्नी-हातोड्याने एकेक पदर सोडवायचा. आता रुळांवरून सरकणाऱ्या करवती खाणीच्या जमिनीवरच चौकोन कापतात, पण थर उचलून वेगळा करायला अजूनही माणसाचा हात आणि कान लागतो. आवाज बद्द आला की दगडात चीर आहे हे जाणत्याला न बघता कळते. काढलेल्या दगडातला मोठा हिस्सा तुकड्यांच्या रूपात वाया जातो. रेल्वेतून दिसणारे ते ढीग त्याचेच.

शहाबादीची भावंडेही मराठी घरांत आली. ओट्यावर बसला तो काळा कडप्पा आंध्रातल्या कडप्पा-कर्नूलच्या पट्ट्यातला. माळ्याच्या फळ्या, कपाटाचे खण, खिडकीचे उंबरे यांसाठीही तोच. हिरवट निळा कोटा राजस्थानातल्या रामगंजमंडीच्या खाणींतून येतो. तांडूरची निळी आणि पिवळी लादी आहेच. रंग निराळे, गावे निराळी, खडकांची वयेही निराळी, पण जात एकच, चुनखडक. भट्टीत न पडता पृथ्वीच्या पोटात भाजून-दाबून निघालेला चुनखडक म्हणजे संगमरवर. तोही याच कुळातला, फक्त श्रीमंत झालेला.

जात एक म्हणून पथ्यही एक. चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट आणि आम्ल लागले की तो विरघळतो. फरशीवर लिंबू पिळून जवळून पाहिले तर बारीक बुडबुडे दिसतात. तो कार्बन डायऑक्साइड असतो, दगड खाल्ला जात असल्याची खूण. ओट्यावर लिंबाची फोड, चिंचेचा कोळ, आमसुलाचे पाणी किंवा ताकाचा ओघळ राहिला की सकाळी पांढरट चट्टा दिसतो. घासून घासून हात दुखतात, पण चट्टा जात नाही. जाणार कसा? तो डाग नसतोच. त्या जागची गुळगुळीत कातडी गेलेली असते आणि खाली खरबरीत दगड उघडा पडलेला असतो. त्यावर खोबरेल चोळले की काळेपणा परततो, पण थोड्या दिवसांपुरताच. खरा उपाय म्हणजे तेवढा भाग पुन्हा घासून पॉलिश करणे.

मोरीतले ॲसिड हा या फरशीचा सर्वांत मोठा शत्रू. दारावर बाटलीतून विकले जाणारे ॲसिड ओतले की फेस येतो आणि फरशी पांढरी, स्वच्छ दिसते. फेस मळाचा नसतो, दगडाचा असतो. प्रत्येक वेळी पृष्ठभाग अधिक खडबडीत होतो, त्यात मळ अधिक धरतो, आणि मग अधिक ॲसिड लागते. संडास धुण्याच्या बहुतेक द्रावणांतही हेच आम्ल असते, तेव्हा ती भांड्यातच राहिलेली बरी. फरशीला साधा सौम्य साबण आणि पाणी पुरे. व्हिनेगर घालून पुसण्याचा सल्ला चिनी मातीच्या लादीला चालेल, इथे अजिबात नाही.

या नियमाला एक विलक्षण अपवाद आहे. फरशीचे पॉलिशवाले शेवटच्या हाताला थोडी ऑक्झॅलिक ॲसिडची पूड वापरतात. हे आम्ल चुनखडकाशी मिळून कॅल्शियम ऑक्झॅलेट तयार करते, जे पाण्यात विरघळत नाही. त्याचा पातळ पापुद्रा दगडावर बसतो आणि झळाळी देतो. जुन्या स्मारकांच्या दगडावर असा पापुद्रा आपोआप बसलेला आढळतो, आणि जतन करणारे तज्ज्ञ आता तो मुद्दामही बसवतात. कारागिराला सूत्र ठाऊक नसेल, परिणाम ठाऊक होता. घरी मात्र हा प्रयोग करू नये. पूड विषारी असते आणि प्रमाण हाताला कळावे लागते.

दुसरे पथ्य वाळूचे. चुनखडकातले खनिज कॅल्साइट, काठिण्याच्या मोजपट्टीवर त्याचा क्रमांक ३. वाळूतल्या गारेचा ७. चपलेखाली आलेला वाळूचा कण फरशीवर प्रत्येक पावलाला ओरखडा काढतो. चपला दाराबाहेर ठेवण्याची आपली रीत फरशीसाठी निघालेली नाही, पण तिला ती फार मानवली. पिढ्यान्‌पिढ्या अनवाणी पायांनी घासलेल्या फरशीला जी मऊ चमक येते, ती यंत्राच्या पॉलिशला येत नाही. म्हणून आधी कोरडा केर, मगच ओले फडके, हा क्रम मोडू नये.

तेल सांडले तर लगेच टिपून घ्यावे, पुसून पसरवू नये. मुरलेच, तर मुलतानी माती किंवा खडूची पूड साबणाच्या पाण्यात कालवून जाड लेप द्यावा, वर प्लास्टिक झाकून रात्रभर ठेवावे आणि नंतर उघडा वाळवून लाकडी पट्टीने काढावा. वाळता वाळता लेप तेल वर ओढतो. एकदा केल्याने भागत नाही, पुन्हा करावे लागते. हळदीचा डाग साबणाने लाल होतो म्हणून घाबरू नये. ऊन येत असेल तर तो हळूहळू फिका पडतो. लोखंडी डब्याच्या गंजाचा डाग मात्र चिवट. गंज काढणारी द्रावणे बहुधा आम्लाची असतात, त्यामुळे डब्याखाली काहीतरी ठेवणे हाच शहाणपणा.

तळमजल्याच्या घरात पावसाळ्यानंतर सांध्यांजवळ पांढरी पूड दिसते. लोणा लागला, म्हणतात. जमिनीतली ओल क्षार घेऊन दगडातून वर येते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे उरतो. तो कोरड्या ब्रशने झाडावा. ओल्या फडक्याने पुसला तर विरघळून पुन्हा आत जातो. अशा फरशीवर चकाकणारे जाड लेपन करू नये. ओल आत कोंडते आणि दगडाचे पदरच सुटू लागतात.

पुढे मोझॅइक आले, मग सिरॅमिक, मग आरशासारख्या व्हिट्रिफाइड लाद्या. शहाबादी मोरीत, जिन्यात, गटारावरच्या झाकणात ढकलली गेली आणि गरिबाची फरशी म्हणून तिची ओळख रुजली. हा तिच्यावर अन्याय आहे. भाजलेल्या लादीवरचा रंगीत थर झिजला की लादी संपते. दगड वरपासून खालपर्यंत दगडच असतो. इंचभर जाडीची फरशी झिजली तर घासून घेता येते, एकदा नव्हे, अनेकदा. जुना वाडा पाडताना फरश्या सांभाळून उचलल्या, पालथ्या केल्या आणि खालची बाजू घासली, तर नवी जमीन तयार होते. पुण्यात काही वास्तुकार हे आवर्जून करतात.

नवी घ्यायची असेल तर वखारीत एकेक फरशी उभी करून बोटाच्या पेराने वाजवून पाहावी. खणखणीत वाजली तर घ्यावी, बद्द वाजली तर बाजूला ठेवावी. कडेला पदर सुटलेले दिसले तर नको. यंत्राने कापलेला माल पुष्कळदा पातळ असतो, तेव्हा जाडी पट्टीने मोजावी आणि खोलीसाठी इंचाच्या खाली जाऊ नये. मोरीसाठी पॉलिश नको, छिन्नीने सोडवलेली नैसर्गिक पाठच हवी, ओल्या पायाला तीच धरून ठेवते. एका खोलीचा माल एकाच खाणीतून आणि एकाच खेपेला घ्यावा. पुढच्या खेपेत थर बदललेला असतो आणि त्याबरोबर रंगही.