मिसेस चेसला घाम फुटत नव्हता

अमेरिकेतल्या हार्टफर्ड रुग्णालयाच्या परिचारिका विद्यालयात १९११ साली एक बाई दाखल झाल्या. त्यांना दिवसातून कितीही वेळा उचला, कुशीवर वळवा, आंघोळ घाला; त्यांची हरकत नसे. प्राचार्या लॉडर सदरलँड यांनी ही पूर्णाकृती बाहुली मार्था चेस यांच्याकडून करवून घेतली होती. मार्थाबाई डॉक्टरची मुलगी, डॉक्टरची बायको आणि मुलांसाठी कापडी बाहुल्या करणाऱ्या नामांकित कारागीर. त्यांच्यावरून बाहुलीचं नाव पडलं ‘मिसेस चेस’. त्याआधी शिकाऊ मुली गवत भरलेल्या पुतळ्यांवर, नाहीतर एकमेकींवरच सराव करत. १९१४ च्या सुधारित बाहुलीच्या दंडात इंजेक्शन टोचायची सोयही आली.

टोचण्याच्या सरावाची गरज लवकरच वाढणार होती.

जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोत चौदा वर्षांच्या मधुमेही लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिन दिलं गेलं. मधुमेही मुलांना उपाशी ठेवून जगवण्याचे दिवस सरले, पण परिचारिकांची जबाबदारी वाढली. काचेची सिरिंज उकळायची, युनिट मोजायचे, बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब तापवून रंग हिरवा होतो, पिवळा होतो की विटकरी, यावरून लघवीतली साखर ओळखायची. बॉस्टनच्या डॉ. एलियट जॉस्लिन यांनी तर रुग्णांच्या घरी जाऊन हे सारं शिकवणाऱ्या परिचारिका तयार केल्या. टोचण्याचा सराव बहुतेकदा संत्र्यावर होई.

मात्र टोचणं हा त्यातला सोपा भाग. इन्सुलिन दिलं आणि जेवणाचं ताट उशिरा आलं, तर साखर उतरते. रुग्णाला दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, तो असंबद्ध बोलू लागतो. संत्र्याला यातलं काहीच होत नाही, आणि मिसेस चेसलाही होत नव्हतं. हात तयार होत, पण निर्णय घ्यायला शिकायचं ते थेट वॉर्डात, जिवंत माणसावर.

ही उणीव टप्प्याटप्प्यानं भरून निघाली. १९६० मध्ये नॉर्वेच्या आस्मुंड लेर्डाल यांची ‘रिससी ॲन’ ही तोंडानं श्वास देण्याच्या सरावाची बाहुली आली. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी धडधाकट माणसांना रुग्णाची भूमिका शिकवली. पुढे संगणकावर चालणारे पुतळे आले; त्यांची नाडी धावते, काहींना घामही फुटतो. आता सरावाचा प्रसंग असा रचतात: रुग्ण शुद्धीवर आहे आणि ग्लुकोमीटरवर ५२ दिसतंय, म्हणजे साखर फार उतरली आहे. पंधरा ग्रॅम साखर द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. तो बेशुद्ध झाला, तर तोंडात काहीही न घालता शिरेतून ग्लुकोज द्यायचं. प्रसंग संपला की सगळे बसून कोण कुठे अडखळलं, यावर बोलतात.

असा सराव प्रत्यक्ष वॉर्डाची जागा किती घेऊ शकतो, हे अमेरिकेत दहा अभ्यासक्रमांत तपासलं गेलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नीट आखलेल्या सरावाला वॉर्डातले निम्मे तास दिले, तरी विद्यार्थिनी ज्ञानात किंवा कौशल्यात मागे पडल्या नाहीत.

भारतात या सरावात आणखी एक पेच घालता येतो. इथे मिलिलिटरला ४० युनिटच्या बाटल्या सर्रास मिळतात आणि १०० युनिटचं इन्सुलिनही असतं. चाळीसच्या सिरिंजचं टोपण लाल, शंभरच्या सिरिंजचं केशरी. शंभरच्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजनं वीसच्या खुणेपर्यंत औषध ओढलं, तर रुग्णाच्या अंगात पन्नास युनिट जातात. ही चूक पुतळ्यावर झाली, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते.