लष्करी तळांवरील शाळांतील सेवा आणि शिक्षकांचे निवृत्तिवेतन

अमेरिकेत सरकारी शाळांतील शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाची व्यवस्था राज्यागणिक वेगळी आहे. शिक्षकाने राज्य बदलले, की आधीची वर्षे नव्या खात्यात आपोआप जमा होत नाहीत. लष्करी तळांवरील शाळांत शिकवलेल्यांना ही अडचण हमखास भेडसावते. त्यांत बदलीबरोबर गावोगाव फिरणारे सैनिकांचे पती-पत्नीही असतात. अशी जुनी वर्षे पैसे भरून राज्याच्या निवृत्तिवेतनात धरून घेण्याच्या सोयीला ‘सेवाकाल खरेदी’ म्हणतात.

नोकरी कोणाची?

प्रथम पाहायचे ते शाळा कोठे होती हे नव्हे, तर वेतन कोण देत होते हे. परदेशी तळांवर अमेरिकी सैनिकांच्या मुलांसाठी १९४६ पासून शाळा सुरू झाल्या. आज त्या आणि देशांतर्गत तळांवरील काही शाळा संरक्षण खात्याची शिक्षणसंस्था चालवते. जर्मनी, जपान, दक्षिण कोरिया यांसह अनेक देशांत आणि अमेरिकेच्या सात राज्यांत त्या आहेत. तेथील शिक्षक केंद्र सरकारचे कर्मचारी असतात. याउलट टेक्सासमधील फोर्ट हूड तळावरील शाळा स्थानिक किलीन शिक्षण जिल्हा चालवतो. तेथील सेवा मुळातच राज्याच्या निवृत्तिवेतनात मोजली जाते. ती विकत घेण्याचा प्रश्न येत नाही.

दोन्हींकडचा हिशेब

केंद्रीय कर्मचाऱ्यांची सध्याची निवृत्तियोजना १९८७ पासून लागू आहे. किमान पाच वर्षांच्या सेवेनंतर तीत हक्क मिळतो. सर्वसाधारण सूत्र असे : सर्वोच्च तीन वर्षांच्या सरासरी वेतनाचा एक टक्का गुणिले सेवेची वर्षे. टेक्सासच्या शिक्षक निवृत्तियोजनेत, जुन्या काही सभासदांचा अपवाद वगळता, सर्वोच्च पाच वर्षांच्या सरासरीचे २.३ टक्के धरतात.

समजा, सहा वर्षे तळावर शिकवून शिक्षिकेने नोकरी सोडली तेव्हा तिची सरासरी ५० हजार डॉलर होती. केंद्राकडून तिला वयाच्या ६२ व्या वर्षापासून वार्षिक ३ हजार डॉलर मिळतील. मधल्या काळातील महागाईमुळे ही सरासरी वाढत नाही. तीच सहा वर्षे तिने टेक्सासमध्ये विकत घेतली आणि निवृत्तीवेळी तेथील सरासरी ६५ हजार असली, तर वार्षिक ८,९७० डॉलरची भर पडेल. मात्र केंद्राचे वेतन सुरू झाल्यावर महागाईनुसार वाढते. टेक्सासमध्ये अशी आपोआप वाढ नाही, ती विधिमंडळाच्या निर्णयावर अवलंबून असते.

किंमत

एवढ्यावरून खरेदी फायद्याचीच ठरते असे नाही. टेक्सासमध्ये या वर्षांची किंमत वाढीव निवृत्तिवेतनाच्या संपूर्ण अंदाजित खर्चाइतकी आकारली जाते, सवलत नसते. वय आणि वेतन वाढत जाते तसा हा आकडाही साधारणतः वाढत जातो. म्हणून निवृत्तीच्या तोंडावर चौकशी करणाऱ्यास तो जड जातो. तेथे परराज्यातील किंवा केंद्रीय शाळांतील कमाल १५ वर्षे घेता येतात. त्यासाठी आधी राज्यात पाच वर्षे सेवा झालेली असावी लागते. घेतलेली वर्षे पात्रतेतही धरली जात असल्याने लवकर निवृत्त होता येणे हाच काहींसाठी खरा लाभ असतो. निवृत्तांच्या आरोग्य विम्याची पात्रता मात्र स्वतंत्रपणे तपासावी. रक्कम भरताना करसवलतीच्या बचत खात्यांतील पैसे थेट वळवता येतात.

परतावा घेण्यापूर्वी

एकाच सेवेवर दोन निवृत्तिवेतने घेण्यास अनेक राज्यांचे नियम आडवे येतात. केंद्रीय करकायद्यानुसारही अशी दुहेरी लाभ देणारी खरेदी पाच वर्षांच्या मर्यादेत येते. त्यामुळे काही जण केंद्राकडे भरलेले अंशदान परत घेतात. असा परतावा घेतला, की त्या वर्षांवरील केंद्रीय निवृत्तिवेतनाचा हक्क संपतो. पुन्हा केंद्राच्या नोकरीत गेल्यासच ती रक्कम भरून तो मिळवता येतो. म्हणून क्रम महत्त्वाचा : राज्याकडून पात्रता आणि किंमत लेखी घ्यावी, मगच परताव्याचा अर्ज करावा. सामाजिक सुरक्षा योजनेतील नोंदीवर या परताव्याचा परिणाम होत नाही.

नेमणूक, वेतनबदल आणि सेवासमाप्ती यांचे कार्यालयीन आदेश हा मुख्य पुरावा. ते हाती नसल्यास सेंट लुईस येथील राष्ट्रीय कर्मचारी अभिलेख केंद्राकडे मागणी करता येते.

भारतातील स्थिती

आपल्याकडेही तळावरील सर्व शाळा एका मालकीच्या नाहीत. केंद्रीय विद्यालयांचे शिक्षक केंद्रीय विद्यालय संघटनेचे कर्मचारी असतात. आर्मी पब्लिक स्कूल मात्र लष्कराच्या कल्याणकारी शिक्षण सोसायटीच्या छत्राखाली चालतात आणि तेथील नोकरी सरकारी ठरत नाही. कुंपण एकच असले, तरी नेमणूकपत्रावर कोणाचे नाव आहे यावरच म्हातारपणाची मिळकत ठरते, ही गोष्ट दोन्ही देशांत सारखीच आहे.