खाडीपलीकडचे अंतर

काळ पुढे सरकतो तशी अंतरे कमी होत जातात, असे आपण सहसा गृहीत धरतो. प्रवासाचा इतिहासही याच क्रमाने सांगितला जातो: आधी होडी आणि बैलगाडी, मग आगगाडी, मग विमान. भाईंदर आणि वसई यांच्यामधील खाडीचा इतिहास मात्र हा क्रम मान्य करीत नाही.

पोर्तुगीज अमदानीत ही खाडी अडथळा नव्हती. तोच रस्ता होता. वसई हे त्यांच्या उत्तरेकडील मुलखाचे मुख्य ठाणे, आणि साष्टी बेटाशी तिचा व्यवहार चाले तो पाण्यावरून. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली, तेव्हा खाडीचा हा पल्ला एकाएकी शत्रूचा पल्ला झाला. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांपुढे वसईने शरणागती पत्करली.

पुढे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेने खाडीवर पूल बांधला आणि १८६४ मध्ये सुरतेहून येणारा लोहमार्ग ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईकडे दिवसाला एक लोकल गाडी सुरू झाली. तिच्या स्थानकांत वसई आणि बोरिवली यांच्या दरम्यान ‘पांजे’ हे नाव आढळते. हे खाडीतले पाणजू बेट. भाईंदरचे नाव त्या यादीत नाही! कालांतराने भाईंदरला स्थानक मिळाले, वस्ती वाढली आणि २००२ मध्ये मीरा-भाईंदर महानगरपालिका झाली. पाणजूचा थांबा मात्र नाहीसा झाला. लोकल आजही त्या बेटावरून जाते, पण थांबत नाही. बेटावरच्या माणसांचा आधार पुन्हा होडीच. पूल तिथेच आहे, मैलही तेवढेच आहेत. वाढले ते अंतर.

आकाशातील अंतरालाही हाच न्याय लागू पडतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून सकाळी निघाले आणि वाटेत अहमदाबादला इंधन भरून त्याच दुपारी जुहूला उतरले. विमान होते एका इंजिनाचे, चिमुकले ‘पस मॉथ’. कराची आणि मुंबई यांच्यातील हवाई अंतर सुमारे नऊशे किलोमीटर. आजच्या जेट विमानाला त्यासाठी दीड तासही पुरेसा व्हावा. परंतु या दोन शहरांमध्ये आज थेट विमानच नाही. तिसऱ्या देशातून वळसा घेणाऱ्या प्रवाशाला १९३२ मधील टपालाच्या थैलीहूनही अधिक वेळ लागू शकतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई ते भाईंदर रो-रो बोट सुरू झाली. काशिमीरा, घोडबंदरचा पूल आणि महामार्ग असा सुमारे ३८ किलोमीटरचा वळसा पाण्यावरून साडेतीन किलोमीटरांवर आला. ही सोय नवी म्हणून नावाजली गेली, आणि ती उपयोगाची आहेच. पण मार्ग तोच, जो पोर्तुगीजांच्या होड्यांना ठाऊक होता.

अंतर नकाशावर मोजता येते, हे खरे. पण ते ठरते अन्यत्र. गाडी कुठे थांबणार, सीमा कुणासाठी उघडणार, बोट कुणासाठी सुटणार, हे ठरविणाऱ्यांच्या हाती ते असते. म्हणून प्रवासाचा इतिहास लिहिताना वेगाच्या नोंदींबरोबर गळालेल्या थांब्यांचीही नोंद व्हायला हवी. पाणजूचे नाव तिथे पहिल्या काहींत येईल.