झुकणारं पातं

परवा गॅरेजमधल्या टेबल सॉचं पातं ४५ अंशांवर झुकलं ते परत सरळच होईना. मी चाकावर जोर लावणार, तेवढ्यात इकडे आमच्याकडे आलेले बाबा म्हणाले, "थांब रे, आधी प्लग काढ."

पूर्वी ही भानगड नव्हती. जुन्या यंत्रांत पातं उभंच असे. तिरका काप हवा तर अख्खं टेबल कलवायचं, आणि घसरणारं लाकूड सावरत हात पात्याजवळ न्यायचे! टेबल सपाट ठेवून पातं झुकवणाऱ्या यंत्रांत अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीची १९३९ सालची 'युनिसॉ' गाजली. सोय झाली, पण झुकवणारी दातेरी चाकं टेबलाखाली, थेट भुशात गेली.

आमचंही दुखणं तेच. मीच हौसेने चोपडलेल्या ग्रीसवर भुसा बसून दाते बुजले होते. ब्रशने खरवडलं, ग्रीसऐवजी कोरडं मेण लावलं, गुण्या धरून ९० अंश तपासला. चाक अलगद फिरलं.

कुणीतरी टेबल सपाट केलं म्हणून माझी बोटं जरा सुरक्षित आहेत. त्या बदल्यात अधूनमधून खाली वाकून भुसा झाडायला काय हरकत आहे?