कमळ एकीकडे, वनगा दुसरीकडे

मावळत्या खासदाराशी नव्या उमेदवाराची तुलना करायची, तर कोणाला कोणाशेजारी उभं करायचं, हेच 2018 च्या पालघर पोटनिवडणुकीत आम्हा जव्हार-मोखाडेकरांना कळेना. चिंतामण वनगा तीनदा खासदार, एकदा विक्रमगडचे आमदार. पेशाने वकील, तलासरीतल्या कवाड्याचे; लाल बावट्याच्या मुलखात भाजप रुजवलेला माणूस. जानेवारीत ते गेले. मुलगा श्रीनिवास शिवसेनेच्या धनुष्यबाणावर उभा राहिला आणि कमळ मिळालं राजेंद्र गावितांना. ते कालपर्यंत काँग्रेसचे, आघाडी सरकारात आदिवासी विकास राज्यमंत्री! आमच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवात, सोंगाचा मान घराण्यात चालतो. इथे घराणं राहिलं बाजूला, मुखवटा गेला परक्या दारी.

मी निवृत्त मास्तर. मे महिन्यात मोखाड्यातल्या एका पाड्यावर टँकरची वाट बघत हंडे मांडून बसलेल्या आजीने मला अडवलं. "गुरुजी, वनगासाहेबांचा पोर कमळावर का नाही?" मी काय सांगणार कपाळ! मग तिनेच विचारलं, "बरं, पाण्याचं कोण बोलतो?"

मतभेद होते, नाही असं नाही. सेनेचा बुलेट ट्रेनला आणि वाढवण बंदराला विरोध, भाजप दोन्हींच्या बाजूने. पण ती लढाई किनाऱ्याकडची. इकडे कोचाळ्याच्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि पाडे टँकरवर जगतात. दिवाळी झाली की घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर जगायला जातात. त्यावरची भाषणं या उमेदवाराची त्याला दिली असती, तरी कोणाला पत्ता लागला नसता.

पूर्वी तसं नव्हतं. 1957 साली ठाणे जिल्ह्यातून लोकसभेत गेले कम्युनिस्ट शामराव परुळेकर, वेठ आणि लग्नगडीच्या, म्हणजे लग्नाच्या कर्जापायी राबण्याच्या, प्रथेविरुद्ध वारल्यांना उभं करणारे. 1962 साली भिवंडीतून काँग्रेसतर्फे निवडून आले यशवंतराव मुकणे, खुद्द जव्हारचे शेवटचे राजे. संस्थान 1948 सालीच विलीन झालेलं, तरी गावाला ते राजेच. मत कोणाला टाकलं म्हणजे काय केलं, हे अंगठेबहाद्दरालाही समजत होतं.

2018 ला गावित जिंकले. वर्षभरात भाजप-सेना युतीने जागाच सेनेला सोडली, मग गावितांनीही धनुष्यबाण घेतला आणि पुन्हा निवडून आले. श्रीनिवास त्याच चिन्हावर पालघरचे आमदार झाले. 2024 ला कमळावर आले डॉ. हेमंत सवरा. त्यांचे वडील विष्णू सवरा 2016 साली आदिवासी विकास मंत्री होते, मोखाड्यातल्या कुपोषणाने राज्य हादरलं तेव्हा. डॉ. हेमंत यांची तुलना मावळत्या गावितांशी करायची की घरातल्या मंत्र्याशी, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी तरी दुसरीच करतो.