परसातला भाजीपाला : आज्ञापत्रापासून शाहूपुरीपर्यंत

दिवाळीचा पाडवा झाला, कोल्हापूरच्या बाजारात गुळाचे सौदे निघाले, की शाहूपुरीत ज्यांच्या घरामागे हातभर जमीन आहे त्यांच्याकडे आणखी एक काम निघते. पावसाने दबलेली माती उकरायची, वाफे बांधायचे, मेथी, कोथिंबीर, मुळा, पोकळा पेरायचा. वांग्याची झाडे आधीच उभी असतात, वरण्याचा वेल कुंपणावर चढलेला असतो, आणि मोरीच्या पाण्यावर अळू बारमाही माजलेला असतो. हे काम इतके नित्याचे की त्याला इतिहास असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. त्या इतिहासाविषयी चार शब्द सांगण्याचे आम्ही योजले आहे.

या इतिहासाचा एक महत्त्वाचा कागद आपल्या करवीर राज्याचाच आहे. पन्हाळ्याच्या गादीवर संभाजीराजे असताना, १७१५ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ सिद्ध केले. राजाची कर्तव्ये, सावकार, वतने, दुर्ग, आरमार अशा मोठ्या विषयांचा हा ग्रंथ. पण दुर्गांविषयी लिहिताना अमात्य एकदम घराच्या मागच्या दाराशी येतात. गडावर केर साचू देऊ नये. जो पडेल तो गडाखाली न लोटता जागच्या जागी जाळावा. त्याची राख परसात टाकून घरोघर होईल तेवढा भाजीपाला करून घ्यावा, असा त्यांच्या आज्ञेचा आशय आहे. हा मजकूर पुष्कळदा थेट शिवछत्रपतींच्या नावावर छापला जातो. अमात्य महाराजांच्या अष्टप्रधानांत होते, तेव्हा शिकवण त्या काळची म्हणता येईल. लेखणी मात्र अमात्यांची आहे.

या आज्ञेमागचा हिशेब सरळ आहे. गडाला वेढा पडला की खालून भाजीची पाटी वर येणार नाही. धान्य कोठारात साठविता येते, पालेभाजी साठविता येत नाही. ती दाराशीच पिकली पाहिजे. राखेत पालाश असतो, आणि सकाळच्या दवात पानांवर राख धुरळली तर मावाही आटोक्यात राहतो, हे आपल्या आयाबायांना शाळेत न जाता ठाऊक होते. केर जाळला की त्यातले नत्र मात्र उडून जाते. शिवाय आजच्या केरात प्लॅस्टिक असते, आणि त्याचा धूर विषारी. म्हणून आज आज्ञापत्राचा हेतू पाळायचा तर ओला कचरा वेगळा काढून खड्ड्यात कुजविणे हाच मार्ग होय.

या कामाला कार्तिक-मार्गशीर्षच का, तेही पाहू. पाऊस सरलेला, जमिनीत ओल शिल्लक, ऊन मवाळ. पालेभाजीला याहून चांगले दिवस नाहीत. चातुर्मासात वर्ज्य मानलेले वांगे चंपाषष्ठीला भरीत होऊन ताटात परत येते. वांगे, मुळा, पावटा ही आपली जुनी मंडळी. मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली आणि घरचीच झाली. कोबी, फ्लॉवर आणि टोमॅटो आपल्या परसांत रुळले ते पुष्कळ उशिरा, इंग्रजी अमदानीत.

त्याच अमदानीत, १८९१ साली, कोल्हापूरला रेल्वे आली. १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली, आणि १९०६ साली शाहू छत्रपती मिलची स्थापना झाली. ज्याला ऐसपैस जागा मिळाली त्याला परस मिळाले. एका खोलीत राहणाऱ्याच्या वाट्याला दारातला पत्र्याचा डबा आला. पण जागा आणि पाणी मिळाले तरी भाजी उगवत नाही. तिला तिसरी वस्तू लागते, ती म्हणजे वेळ.

हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. उमेदीच्या वर्षांत आम्ही एका कारखान्यात बारा-बारा तास उभे असू. घरी पेरलेली मेथी कधी उगवली आणि कधी फुलावर येऊन वाया गेली, ते आम्हाला कळलेही नाही. पुढे वाचनात नारायण मेघाजी लोखंडे आले. माळी समाजात जन्मलेल्या या सत्यशोधकाने १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले. त्यांच्या खटपटीला यश येऊन १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याच्या कामाला ४८ तासांची मर्यादा घातली. रविवारी सकाळी खुरपे घेऊन वाफ्यात बसणाऱ्याने ही दोन साले विसरू नयेत. तो निवांतपणा कोणीतरी भांडून मिळविलेला आहे.

अमात्यांची आज्ञा शहाणपणाची होती यात शंका नाही. परंतु त्या आज्ञेप्रमाणे गडावर ज्यांनी पाणी शेंदले, राख पसरली, तण उपटले, त्यांची, आणि त्यांत बायाच अधिक असणार, नावे कोणत्याही कागदात उरली नाहीत. आजही परसातले बहुतेक काम घरची बाईच करते, आणि तिला रविवार नाही. तेव्हा यंदाच्या कार्तिकात वाफे बांधताना खुरपे आपण आपल्या हाती घ्यावे आणि तिला घटकाभर बसू द्यावे, एवढीच आमची श्रोत्यांना विनंती आहे.