परवच्यापासून पडद्यापर्यंत : मराठी मुलांच्या गणिती खेळांची परंपरा आणि व्हिडिओ गेमची रचना

प्रस्तावना

सांगली व मिरज या दोन शहरांच्या दरम्यान असलेल्या विश्रामबाग परिसरात डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून, तर आज वालचंद या नावाने ओळखले जाणारे अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून उभे आहे. एकीकडे भाषा, इतिहास व गणित यांचे अध्यापन आणि दुसरीकडे यंत्र व संगणक यांचे शिक्षण, अशा दोन ज्ञानपरंपरा येथे हाकेच्या अंतरावर नांदतात. लहान मुलांसाठी गणिताचा व्हिडिओ गेम तयार करावयाचा झाल्यास या दोन्हींची गरज लागते. मात्र हा विषय निघाला की चर्चा बहुधा संगणकापासून सुरू होते व संगणकापाशीच संपते. मराठी मूल गणित कोणत्या शब्दांत ऐकते, कसे मोजते आणि कोठे अडखळते, हा प्रश्न मागे राहतो.

खेळातून गणित ही कल्पना पडद्याबरोबर जन्मास आलेली नाही. मराठी मुलखात तिला दीर्घ इतिहास आहे. प्रस्तुत लेखात या इतिहासातील काही टप्प्यांचा आढावा घेऊन, त्यातून आजच्या गणिती खेळाच्या रचनेसाठी कोणते निकष हाती लागतात, याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

लीलावती : कथेच्या पोटातील गणित

भास्कराचार्यांनी (जन्म इ.स. १११४) इ.स. ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ रचला. लीलावती हा त्याचाच अंकगणितविषयक भाग होय. चाळीसगावजवळील पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखावरून, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केल्याचे ज्ञात होते. म्हणजे हा ग्रंथ केवळ विद्वानांच्या संग्रहात राहिला नाही, तो शिकविला गेला.

लीलावतीतील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरते. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी असलेल्या बिळाकडे सत्तावीस हात अंतरावरून साप येत आहे. मोराने त्याच्यावर तिरकी झेप घेतली आणि दोघांनी सारखेच अंतर कापले, तर बिळापासून किती हातांवर त्यांची गाठ पडेल? उत्तर १२ हात. मोराची झेप १५ हातांची आणि सापाची वाटही १५ हातांचीच. या कथेतून मोर व साप वगळले तर काटकोन त्रिकोण दिसेनासा होतो, आणि त्रिकोण वगळला तर कथेला अर्थ उरत नाही. गणित सोडविल्याबद्दल गोष्ट बक्षीस म्हणून मिळत नाही. गोष्ट हेच गणित आहे.

परवचा व पावकी

लीलावतीची परंपरा पंडितांची, तर पाढ्यांची परंपरा घरोघरची होती. दिवेलागणीला परवचा म्हणण्याची चाल अनेक मराठी घरांत विसाव्या शतकातही टिकून होती. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा या पाठांतरातील लय हेच त्याचे बळ होते. पूर्णांकांच्या पाढ्यांसोबत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी म्हटल्या जात. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे आज सांगावे लागते.

अपूर्णांकांचे हे पाढे व्यवहाराची गरज होते. एका रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे व एकशे ब्याण्णव पै होत. शेराचे पावशेर, अच्छेर होत. अशा चलनात व मापांत पाव व पाऊण यांचा हिशेब तोंडी करता येणे हे दुकानदाराचे व गिऱ्हाइकाचे भांडवलच होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली व रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५६ च्या कायद्यानुसार मेट्रिक वजने-मापेही टप्प्याटप्प्याने रूढ झाली. ज्या बाजारासाठी औटकी होती तो बाजारच बदलला आणि तिचे प्रयोजन संपले.

पंतोजींच्या शाळेतील पाठांतराला छडीचा धाक होता, ही बाब नाकारता येत नाही. तथापि धाकाखाली पाठ केलेली पाऊणकी बाजारात लगेच वापरली जात असे. तेथे चूक झाली तर ती छडीने नव्हे, हिशेबाने कळे. पाढ्यांची ही दुसरी बाजू दुर्लक्षित राहिल्यामुळे, पाढे म्हणजे केवळ घोकंपट्टी असा समज दृढ झाला.

पट, फासे आणि घरांची मोजणी

खेळाच्या पटावरील गणित मुलांच्या अधिक जवळचे होते. सारीपाटात कवड्यांचे वा फाशांचे दान पाहून सोंगट्या पुढे सरकवाव्या लागत. मराठी परंपरा ज्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते तो मोक्षपट सद्गुणांच्या शिड्या व दुर्गुणांचे साप दाखवून नीतीचा धडा देई. याच प्रकारच्या भारतीय पटांवरून इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापशिडी रूढ झाली. नीती मागे पडली, शंभर घरे मात्र राहिली.

या घरांचे शैक्षणिक मोल फार उशिरा तपासले गेले. अमेरिकेत गीता रमाणी व रॉबर्ट सिग्लर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अल्प उत्पन्न गटांतील बालवाडीच्या वयाच्या मुलांना सरळ रेषेत १ ते १० अंक लिहिलेला पट खेळण्यास दिला. दोन आठवड्यांत सुमारे पंधरा-पंधरा मिनिटांच्या केवळ चार बैठकांनंतर मुलांची संख्यांची जाण सुधारली आणि नऊ आठवड्यांनंतरही ती टिकून होती. अंकांऐवजी रंग असलेल्या पटाने हे साधले नाही. पुढील संशोधनातून असेही दिसले की, पाचव्या घरावरून दोन घरे जाताना ‘एक, दोन’ असे मोजण्यापेक्षा ‘सहा, सात’ असे म्हणणारी मुले अधिक शिकतात. म्हणजे पट तोच असला तरी खेळण्याच्या नियमातील एक लहानसा बदल निर्णायक ठरतो. खेळ रचणाऱ्याचे काम चित्रे रंगविण्याआधी अशा नियमांशी असते.

देवळालीचे कापरेकर

नियमाच्या सामर्थ्याचे उत्कृष्ट उदाहरण महाराष्ट्रातील एका शाळाशिक्षकाने दिले. डहाणू येथे १९०५ साली जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी देवळाली येथील शाळेत १९३० ते १९६२ या काळात अध्यापन केले. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान संख्या वजा करावी व हीच कृती पुन्हा करावी, एवढाच त्यांचा नियम. ३५२४ घेतल्यास ५४३२ मधून २३४५ वजा जाता ३०८७ येते. नंतर ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२, आणि ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. अधिकाधिक सात पायऱ्यांत ६१७४ येतेच व तेथून पुढे हलत नाही.

१९४९ मध्ये मांडलेला हा शोध १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या सायंटिफिक अमेरिकनमधील स्तंभामुळे जगभर पोहोचला. यात वजाबाकीचा भरपूर सराव आहे. पण तो सराव म्हणून करावा लागत नाही. आपली संख्या किती पायऱ्यांत अडकते, या उत्सुकतेपोटी तो होतो. वजाबाकी चुकली तर ६१७४ वेळेवर हाती लागेलच असे नाही, आणि तसे झाल्यास खेळणाऱ्याला स्वतःच मागे वळून पाहावे लागते. कापरेकरांच्या खेळाला पाटी-पेन्सिल पुरते, आणि तरीही चांगल्या गणिती खेळाची सर्व लक्षणे त्यात आहेत.

पडद्यावरील खेळ

संगणकावरील गणिती खेळांचा इतिहास याच दोन वाटांनी गेलेला दिसतो. १९८३ चा मॅथ ब्लास्टर व १९८६ चा नंबर मंचर्स हे खेळ अमेरिकन शाळांत व घरांत लोकप्रिय झाले. त्यांत उदाहरण वेगाने सोडविणे हे मुख्य असून, अवकाशयाने वा राक्षस ही त्याभोवतीची सजावट होती. याउलट इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या संगणकप्रणालीवरील डार्ट्स या खेळात उभ्या संख्यारेषेवर फुगे दिसत. मुलाने अपूर्णांक टाइप केला की बाण नेमका त्याच जागी जाई. तीन-चतुर्थांशाऐवजी दोन-तृतीयांश लिहिले तर बाण किती खाली गेला, हे मुलाच्या डोळ्यांसमोर असे.

थॉमस मलोन यांनी १९८० च्या आपल्या प्रबंधात याच खेळाची वेगवेगळी रूपे तयार करून मुलांची आवड तपासली. फुगे फोडण्याची कल्पना मुलग्यांना आवडली, मुलींना तितकी रुचली नाही, हा त्यांचा निष्कर्ष आजही विचारात घेण्याजोगा आहे. पुढे इंग्लंडमध्ये हॅबगुड व एन्सवर्थ यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भागाकारावरील एकाच खेळाची दोन रूपे दिली. एकात भागाकार हीच लढण्याची चाल होती, तर दुसऱ्यात आधी खेळ व मग प्रश्न होते. पहिल्या रूपातून मुले अधिक शिकली आणि मोकळ्या वेळेत ते रूप कितीतरी अधिक वेळ खेळली. भास्कराचार्यांचा मोर व कापरेकरांची वजाबाकी जे सांगतात, तेच येथे प्रयोगाने सिद्ध झाले.

मराठी संख्यानामे : रचनेचा कळीचा प्रश्न

भारतात १९८४ मध्ये सुरू झालेल्या क्लास प्रकल्पापासून शाळांत संगणक येऊ लागले. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर आता क्यूआर कोडही आहेत. परंतु साधने मराठी शाळेत पोहोचणे आणि खेळ मराठी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मराठीत ५३ ला त्रेपन्न म्हणतात. कानाला प्रथम तीन ऐकू येतात, मग पन्नास. लिहिताना मात्र पाच आधी येतो. इंग्रजी संख्यानामांत एकवीसपासून पुढे दशक आधी उच्चारला जात असल्याने हा पेच तेथे उद्भवत नाही. इंग्रजी खेळाचे केवळ शब्द बदलून केलेल्या मराठी आवृत्तीत, बेरीज अचूक करूनही मूल कानाच्या क्रमाने ३५ टाइप करील. खेळ त्याला ‘चूक’ म्हणेल. येथे चूक गणिताची नसून लेखनक्रमाची आहे. पण मुलाच्या मनावर मात्र ‘आपल्याला गणित येत नाही’ हाच शिक्का बसतो.

हा प्रश्न २०१९ मध्ये महाराष्ट्रभर गाजला. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससोबत ‘वीस एक’, बहात्तरसोबत ‘सत्तर दोन’ अशी वाचनपद्धती देण्यात आली. डॉ. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने, जोडाक्षरे व उलटा क्रम यांमुळे लहान मुलांना होणारा त्रास कमी व्हावा, हा हेतू मांडला. भाषेची हानी होईल असा आक्षेप घेण्यात आला व वाद विधानसभेपर्यंत गेला. असा बदल जगात अन्यत्रही झालेला आहे. नॉर्वेने १९५१ मध्ये एकक-आधी पद्धत सोडून दशक-आधी संख्यानामे अधिकृत केली.

व्हिडिओ गेमच्या रचनाकाराला या वादात बाजू घेण्याची निकड नाही. उत्तरासाठी दशक व एकक अशी दोन घरे ठेवून ती कोणत्याही क्रमाने भरू दिली, तर त्रेपन्न ऐकणारे मूल आधी एककाच्या घरात ३ आणि मग दशकाच्या घरात ५ ठेवू शकेल. कान व लेखन यांचा मेळ खेळातच बसेल. शिवाय एकोणसाठ या शब्दातच ‘साठाला एक कमी’ ही वजाबाकी दडली आहे. संख्यारेषेवर साठावर जाऊन एक घर मागे येणे, ही त्या शब्दाची चाल होऊ शकते. पावणेचार, सव्वातीन, साडेतीन हे शब्द मूल घड्याळामुळे ओळखते. डार्ट्ससारख्या खेळात तीनच्या पुढे वा चारच्या मागे पाव घर सरकणे ही लुप्त झालेल्या पाऊणकीची नवी मांडणी ठरेल. जी भाषा अडचण वाटते, तीच खेळाचे नियम पुरविते.

समारोप

वरील विवेचनातून गणिती खेळासाठी तीन निकष पुढे येतात. पहिला, गणित हीच खेळातील चाल असावी. ते बक्षिसापूर्वीचा अडसर असू नये. दुसरा, चूक झाल्यावर ती किती व कोणत्या दिशेने झाली हे मुलाला दिसावे. केवळ तांबडी फुली ही छडीचेच सौम्य रूप होय. तिसरा, खेळ मुलाच्या संख्यानामांवर उभा असावा.

या तिन्हींपैकी एकही निकष महागड्या यंत्रणेची मागणी करीत नाही. विश्रामबागेसारख्या परिसरातील मराठी, गणित व अभियांत्रिकी यांचे अध्यापक एकत्र आले, तर पहिला खेळ कागदी पट व चिंचोके घेऊन प्राथमिक शाळेच्या वर्गातच आखता येईल. मुले कोठे थांबतात, कोणता शब्द दोनदा विचारतात, हे टिपल्यानंतरच तो पडद्यावर जावा. बाजार बदलला तेव्हा औटकी विस्मरणात गेली, कारण तिला नवे घर मिळाले नाही. संख्यानामांच्या बाबतीत तसे घडू नये यासाठी त्यांचे घर आता पडद्यावरही बांधावे लागेल, आणि ते बांधण्यासाठी लागणारे साहित्य आपल्याच परंपरेत विखुरलेले आहे.